सोर्समधून लिनक्स, दुसऱ्या आर्किटेक्चरवर: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ पुन्हा पुन्हा का येतो

परवा रात्री अकराच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तो कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एकेक पॅकेज सोर्समधून कंपाइल करून स्वतःचं लिनक्स उभं करणं, करायला बसलाय, रास्पबेरी पाय ४ या छोट्या आर्म बोर्डसाठी, पण सगळं कंपाइल करतोय स्वतःच्या इंटेल लॅपटॉपवर. "मामा, परत तेच! एनकर्सेसला एक्झेक फॉरमॅट एरर आला होता, तो कसाबसा घालवला. आता ‘फाइल’ नावाच्या पॅकेजला पुन्हा तोच. प्रत्येक वेळी नवा पॅच शोधत बसू का?"

"नको बसूस," म्हटलं. "एकही पॅच लावू नकोस. आधी मशीनला विचारू."

हा रस्ता मी तीनदा चाललोय. एकदा एआर्च६४ (६४ बिट आर्म) साठी, एकदा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या बोर्डसाठी आणि एकदा घरात पडून असलेल्या ३२ बिटच्या जुन्या नेटबुकसाठी. तिन्ही वेळा एकच दुखणं वेगवेगळी सोंगं घेऊन आलं. एका पॅकेजमध्ये ते ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून येतं, दुसऱ्यात ‘कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स’ म्हणून, तिसऱ्यात फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून. लोक पॅकेजगणिक इलाज शोधतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा येतं. मूळ एकच असतं: एका मशीनसाठी बनलेली वस्तू दुसऱ्या मशीनच्या हातात पडलेली असते. ती कोणती आणि कुठे हातात पडली, एवढं शोधायचं.

(कमांड, फायलींची नावं आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायचे.)

हे दुखणं इंटेलवर का दिसत नाही

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एलएफएस, हा प्रकल्प जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केला. त्याचं मुख्य पुस्तक ३२ आणि ६४ बिटच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी) साठीच लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०२० च्या १०.० आवृत्तीपासून त्यातली तात्पुरती साधनं क्रॉस-कंपाइल पद्धतीने, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी, बनवतात. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की पद्धत क्रॉसचीच आहे, तर टार्गेटचं नाव बदललं की झालं. पुष्कळ अंशी ते खरंही आहे.

पण एक्स८६ वर बसून एक्स८६ साठी बनवताना ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू’ आणि ‘एक्स८६_६४-एलएफएस-लिनक्स-जीएनयू’ यांत फरक फक्त मधल्या शब्दाचा असतो. प्रोसेसर तोच. एखाद्या पायरीला चुकून लॅपटॉपचा कंपायलर वापरला गेला, तरी बनलेला प्रोग्रॅम चालतो. चूक झालेली असते, पण ती बोलत नाही. प्रोसेसर बदलला की तीच चूक ओरडून सांगते. म्हणून एक्झेक फॉरमॅट एरर आला की मला खरंच बरं वाटतं. तो चूक झाल्याजागी सापडतो. न आलेला एरर तीन पॅकेजं पुढे जाऊन छळतो.

पहिलं काम: फाइललाच विचारा, तू कोणाची?

लिनक्सवरची प्रत्येक बायनरी ईएलएफ स्वरूपात असते आणि आपण कोणत्या प्रोसेसरसाठी आहोत हे ती सुरुवातीच्या वीस बाइटांतच सांगते. ‘रीडएल्फ -एच’ चालवलं की ‘मशीन’ या ओळीत उत्तर मिळतं. भाच्याला मात्र मी मुद्दाम कच्चे बाइट वाचायला लावले, कारण एकदा ते हाताखालून गेले की पुढचे अर्धे एरर आपोआप वाचता येतात.

"ओडी लाव. पहिले वीस बाइट, हेक्समध्ये. वाच."

"सात एफ, पंचेचाळीस, चार सी, शेहेचाळीस..."

"ती ईएलएफची सही. पाचवा बाइट?"

"शून्य दोन."

"म्हणजे ६४ बिट. शून्य एक असता तर ३२. सहावा शून्य एक असेल, म्हणजे लिटल एंडियन. आता एकोणिसावा आणि विसावा वाच."

"बी सात, शून्य शून्य."

बी७ म्हणजे दशमानात १८३. एआर्च६४ चा क्रमांक १८३. म्हणजे त्याच्या इंटेल लॅपटॉपने ‘फाइल’ हा प्रोग्रॅम पायसाठी बरोबर बनवला होता आणि मग तोच लॅपटॉपवर चालवायचा प्रयत्न केला होता. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, नकार दिला, तो बरोबरच दिला.

हे क्रमांक एका कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. आय३८६ चा ३, ३२ बिट आर्मचा ४०, एक्स८६_६४ चा ६२, एआर्च६४ चा १८३, रिस्क-फाइव्हचा २४३. रिस्क-फाइव्हच्या ३२ आणि ६४ बिटला क्रमांक एकच आहे, तिथे पाचवा बाइट बघावा लागतो. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) जेव्हा ‘रिलोकेशन्स इन जेनेरिक ईएलएफ (ईएम: १८३)’ असं काहीतरी अगम्य बोलतो, तेव्हा तो हाच क्रमांक सांगत असतो. त्याचा अर्थ एवढाच, की लॅपटॉपच्या लिंकरला, म्हणजे एलडीला, एआर्च६४ ची ऑब्जेक्ट फाइल मिळाली आणि त्याला ती कळेना. म्हणजे कंपायलर बरोबर उचलला गेलाय, लिंकर चुकीचा. दोष कुठल्या पायरीत आहे ते त्या एका आकड्याने कळतं.

बिल्ड, होस्ट, टार्गेट

रोजच्या बोलण्यात आपण ‘होस्ट’ म्हणजे आपलं स्वतःचं मशीन समजतो. व्हर्च्युअल मशीनमुळे ही सवय लागली आहे, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. पॅकेज बनवण्याआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या भाषेत ‘बिल्ड’ म्हणजे आत्ता जिथे मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी, चालू आहे ते मशीन. ‘होस्ट’ म्हणजे तयार झालेला प्रोग्रॅम जिथे चालणार आहे ते. ‘टार्गेट’ला अर्थ फक्त जीसीसी (कंपायलर), बिनयुटिल्स (लिंकर वगैरे) अशा, स्वतःच मशीन कोड तयार करणाऱ्या साधनांपुरता आहे. बॅश, कोअरयुटिल्स, ग्रेप यांना ‘--टार्गेट’ देऊन काहीही साधत नाही. ते दिल्याने काम झालं असं वाटतं आणि प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपसाठीच बनतो.

शिंपी दादरला आणि कपडा घालणारा साताऱ्याला, असं समजा. माप साताऱ्याच्या माणसाचं हवं. कॉन्फिगर हे माप घेणारं आहे. त्याला दोघांचे पत्ते दिले नाहीत, तर ते समोर असलेल्या शिंप्याचंच माप घेतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट आता सांगतो, कारण माझे सर्वांत जास्त दिवस तिच्यात गेले. फक्त ‘--होस्ट’ दिलं आणि ‘--बिल्ड’ दिलं नाही, तर ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट ‘क्रॉस_कंपायलिंग’ या व्हेरिएबलमध्ये ‘मेबी’ लिहिते. मग एक छोटा प्रोग्रॅम बनवून चालवून बघते. नाही चालला तर क्रॉस, चालला तर ‘अरे, हे तर घरचंच मशीन’ असं ठरवून टाकते. एरवी हे बरोबर आहे. पण माझ्या मशीनवर आधीच्या कशासाठी तरी केमू या एम्युलेटरचं यूजर-मोड पॅकेज टाकलेलं होतं. त्या पॅकेजने कर्नलच्या ‘बिनएफएमटी_मिस्क’ सोयीत (परक्या बायनरी कोणाकडून चालवून घ्यायच्या हे ती ठरवते) स्वतःची नोंद करून ठेवली होती. परिणाम असा, की आर्मचा कुठलाही प्रोग्रॅम माझ्या इंटेलवर एकही तक्रार न करता चालायचा. केमू आत बसून त्याचं भाषांतर करायचं. कॉन्फिगरने चाचणी घेतली, ती चालली, आणि क्रॉस नाही असा निकाल लागला. बॅश बनलं, कोअरयुटिल्स बनलं, एरर एकही नाही. पुढे एका पॅकेजच्या स्क्रिप्टने थेट /यूएसआर/इन्क्लुड मधली माझ्या डिस्ट्रोची हेडर (सी प्रोग्रॅमला लागणाऱ्या घोषणांची फाइल) उचलली आणि तिथून जे काही विचित्र सुरू झालं, त्याचा धागा मागे नेता नेता आठवडा गेला.

इलाज दोन ओळींचा आहे. प्रत्येक कॉन्फिगरला ‘--होस्ट’ आणि ‘--बिल्ड’ दोन्ही द्या. बिल्डची किंमत पॅकेजमधल्याच ‘कॉन्फिग.गेस’ स्क्रिप्टकडून घ्या, पुस्तकात तेच केलं आहे. दोन्ही दिले आणि ते वेगळे असले, की चाचणी न घेता स्क्रिप्ट क्रॉस मानते. आणि क्रॉसचं काम चालू असेपर्यंत /प्रॉक/सिस/एफएस/बिनएफएमटी_मिस्क/स्टेटस या फाइलमध्ये रूटने शून्य लिहून केमूची ती सोय बंद ठेवा. कॉन्फिगर चालताना ‘चेकिंग व्हेदर वी आर क्रॉस कंपायलिंग’ या ओळीपुढे ‘येस’ आलंच पाहिजे. ‘नो’ दिसलं तर कंट्रोल-सी दाबा आणि तिथेच थांबा.

केमू वाईट आहे असं अजिबात नाही. पुढे क्रूट करून, म्हणजे नव्या फोल्डरालाच रूट मानून, काम करताना तो फार उपयोगी पडतो. फक्त कुठल्या टप्प्यावर तो चालू आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

बिल्ड चालू असतानाच चालावे लागणारे प्रोग्रॅम

आता भाच्याच्या दोन्ही एररकडे येऊ. काही पॅकेजं बनता बनताच स्वतःचा एखादा भाग चालवतात. एनकर्सेस टर्मिनलांची माहिती कंपाइल करायला स्वतःचा ‘टिक’ वापरतो. ‘फाइल’ पॅकेज आपली मॅजिक फाइल (फायलींचे प्रकार ओळखायच्या खुणांची यादी) कंपाइल करायला ‘फाइल’ हाच प्रोग्रॅम चालवतं. हे प्रोग्रॅम पायसाठी बनलेले असले तर लॅपटॉपवर चालणार कसे? म्हणून आधी एका वेगळ्या उपफोल्डरमध्ये, ‘--होस्ट’ न देता, लॅपटॉपच्या कंपायलरने तेवढाच प्रोग्रॅम बनवायचा आणि मग खरं पॅकेज बनवताना त्याचा पत्ता द्यायचा. पुस्तकात दोन्ही ठिकाणी ही पायरी आहे. भाच्याने ती गाळली होती. "माझ्या लॅपटॉपवर टिक आणि फाइल दोन्ही आधीपासून आहेत, मग परत कशाला?" असं त्याचं म्हणणं. शंका वाजवी आहे. पण ‘फाइल’ला तंतोतंत तीच आवृत्ती लागते. आणि मुळात लॅपटॉपवर आहे ते आपोआप उचललं जाईल, हे गृहीतच चुकीचं. मेकफाइल नुकतंच बनवलेलं उचलतं.

एनकर्सेसमध्ये आणखी एक खाच आहे. इन्स्टॉल करताना ते बायनरीतली जादा माहिती काढणारा लॅपटॉपचा ‘स्ट्रिप’ वापरू बघतं आणि त्याला एआर्च६४ ची फाइल ओळखता येत नाही. ‘--डिसेबल-स्ट्रिपिंग’ द्या.

असाच एक जुना ओळखीचा एरर: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक’. क्रॉस करताना कॉन्फिगरला मॅलॉकची (मेमरी मागणाऱ्या फंक्शनची) चाचणी चालवून बघता येत नाही, म्हणून ते वाईटातलं वाईट धरून चालतं. काही पॅकेजांत त्या पर्यायी मॅलॉकचा कोडच नसतो. ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस’ हे कॉन्फिगरच्या आधी एन्व्हायर्नमेंटमध्ये देऊन टाका. जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीवर हे उत्तर खरंच आहे, आपण खोटं बोलत नाही.

पर्लला क्रॉस करायच्या भानगडीत पडू नका. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फची नाही, तिचे नियम वेगळे आहेत. पर्ल आणि पायथन पायवर पोचल्यानंतर, क्रूटच्या आत बनवा. पुस्तकातही ते तिथेच आहेत.

फाइल आहे, पण ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’

तात्पुरती साधनं झाली. फोल्डर पायवर नेलं. क्रूट केलं. ‘फेल्ड टू रन कमांड /यूएसआर/बिन/एन्व्ह: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. एलएस लावलं तर एन्व्ह तिथेच आहे. माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत याचा नंबर दुसरा.

सापडत नाही ती एन्व्ह नाही, तिचा लोडर सापडत नाही. डायनॅमिक, म्हणजे लायब्ररी बाहेरून घेणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये कर्नलसाठी एक पत्ता लिहिलेला असतो की मला चालवण्याआधी अमुक लोडर बोलाव. तो त्या पत्त्यावर नसला तर कर्नल ‘नाही सापडलं’ एवढंच सांगतं, काय ते सांगत नाही. ‘रीडएल्फ -एल’ लावून ‘रिक्वेस्टिंग प्रोग्रॅम इंटरप्रिटर’ ही ओळ वाचा. एक्स८६_६४ वर तिथे /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ असतं, एआर्च६४ वर /लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१, आणि ६४ बिट रिस्क-फाइव्हवर /लिब/एलडी-लिनक्स-रिस्कव्ही६४-एलपी६४डी.एसओ.१. नीट बघा, इंटेलवर लिब६४, बाकी दोघांवर लिब. आता तो पत्ता नव्या रूटच्या आत खरोखर आहे का, आणि असला तर तो सिमलिंक (दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवणारी नोंद) तुटलेला नाही ना, हे पाहा.

बहुतेक वेळा घोळ पुढच्या दोनपैकी एक असतो. एक, कॉपी करताना फॅट३२ चा पेनड्राइव्ह वापरला. फॅटवर सिमलिंक टिकत नाहीत, आणि नव्या रूटमध्ये ‘लिब’ हा स्वतःच ‘यूएसआर/लिब’कडे जाणारा सिमलिंक असतो. तो गेला की सगळंच गेलं. टार करून, परवानग्यांसकट, एक्सटी४ वर न्या.

दुसरा घोळ लिब६४ चा, आणि इथे पुस्तक जसंच्या तसं पाळणाराच सापडतो. जीसीसीला ६४ बिट लायब्ररी लिब६४ मध्ये टाकायची सवय आहे. पुस्तक ती सवय मोडायला एक ‘सेड’ कमांड देतं, पण ती ‘यूनेम -एम’चं उत्तर एक्स८६_६४ असेल तरच चालते, आणि बदलते ती ‘टी-लिनक्स६४’ नावाची आय३८६ फोल्डरमधली फाइल. पायसाठी बनवताना त्या ओळीचा काहीच उपयोग होत नाही. एरर येत नाही. सी++ ची लायब्ररी लिबएसटीडीसी++ गुपचूप /यूएसआर/लिब६४ मध्ये जाऊन बसते आणि पुढे जीसीसीच्या दुसऱ्या फेरीत किंवा क्रूटमध्ये ‘सापडत नाही’ म्हणून बोंब उठते. एआर्च६४ साठी जीसीसीच्या कॉन्फिग फोल्डरात ‘एआर्च६४/टी-एआर्च६४-लिनक्स’ ही फाइल उघडा. त्यात ‘एलपी६४=’ असलेल्या ओळीत लिब६४ चं लिब करा. जीसीसीच्या प्रत्येक फेरीत करा, कारण दर वेळी टारबॉल (सोर्सचं गाठोडं) नव्याने उघडतो आणि बदल पुसला जातो. मी पहिल्या फेरीत केला होता आणि दुसरीत विसरलो होतो. रिस्क-फाइव्ह तर एक पायरी पुढे जाऊन ‘लिब६४/एलपी६४डी’ असं फोल्डरात फोल्डर मागतं. तिथे मी जीसीसीशी भांडलो नाही. लिब६४ चा सिमलिंक लिबकडे केला, लिबच्या आत एलपी६४डी नावाचा सिमलिंक ‘.’ कडे केला, आणि पुढे गेलो.

जीलिबसी बसल्याबरोबर पुस्तकातली ती छोटी चाचणी कधीही गाळू नका: रिकामा ‘मेन’ कंपाइल करायचा आणि रीडएल्फने लोडरचा पत्ता बघायचा. एक मिनिटाचं काम आहे. पत्ता चुकला असेल तर पुढचं एकही पॅकेज उघडू नका.

कर्नलच्या दारात नाव वेगळं

जीसीसी ज्याला एआर्च६४ म्हणतं त्याला कर्नल ‘आर्म६४’ म्हणतं. रिस्कव्ही६४ ला नुसतं ‘रिस्कव्ही’, आणि पॉवरपीसी६४एलई ला ‘पॉवरपीसी’. हेडर काढताना ‘मेक’ला ‘आर्च=आर्म६४’ दिलं नाही, तर कर्नल ‘यूनेम’ला विचारतं आणि निमूटपणे एक्स८६ ची हेडर काढून देतं. इथेही एरर नाही. सिस्टिम कॉलचे (प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागण्यांचे) क्रमांक मात्र पार वेगळे: ‘राइट’चा क्रमांक एक्स८६_६४ वर १ आहे, एआर्च६४ वर ६४. ‘ओपन’ तर एआर्च६४ वर नाहीच, फक्त ‘ओपनएट’ आहे. ओळखायची सोपी खूण: नव्या रूटमधल्या /यूएसआर/इन्क्लुड/एएसएम मध्ये ‘एलडीटी.एच’ दिसली तर ती एक्स८६ ची, ‘एसव्हीई_कॉन्टेक्स्ट.एच’ दिसली तर आर्म६४ ची.

शेवटी कर्नल बनवताना ‘क्रॉस_कंपाइल’ला दिलेल्या नावाच्या शेवटी एक डॅश लागतो. तो राहिला की ‘लिनक्स-जीएनयूजीसीसी’ असला जोडशब्द सापडत नाही म्हणून एरर येतो. त्या जोडशब्दाकडे पाहिलं की कारण लगेच कळतं.

‘मशीन नॉट रेकग्नाइज्ड’ हा एरर जुन्या पॅकेजांत येतो. त्यातली ‘कॉन्फिग.सब’ फाइल इतकी जुनी असते की रिस्क-फाइव्ह हे नाव तिने ऐकलेलंच नसतं. ऑटोमेकच्या ताज्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या ‘कॉन्फिग.सब’ आणि ‘कॉन्फिग.गेस’ तिच्या जागी टाका. एकाच पॅकेजमध्ये या फायली तीन-चार ठिकाणी असू शकतात, ‘फाइंड’ लावून सगळ्या बदला.

लॅपटॉपच्या लायब्ररी आत शिरतात तेव्हा

‘स्किपिंग इनकम्पॅटिबल /यूएसआर/लिब/लिबझेड.एसओ’ ही ओळ लिंकरची सूचना असते. तिचं भाषांतर: मला तुझ्या लॅपटॉपच्या फोल्डरात शोधायला पाठवलंय. पाठवणारे दोघेच असतात. एक पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे कुठली लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन. त्याला ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ दिला तर ते नवं ठिकाण फक्त जास्तीचं जोडतं, जुनं सोडत नाही. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ दिला तर जुनं सोडतं. क्रॉससाठी लिबडिरच हवा, सोबत ‘सिसरूट_डिर’. दुसरा पाठवणारा म्हणजे लिबटूलच्या ‘.एलए’ फायली. त्यांच्या पोटात /यूएसआर/लिब असा पत्ता लिहिलेला असतो आणि लिंकर इमानदारीने तिथे जातो. इन्स्टॉल झाल्या झाल्या त्या उडवा.

बोर्डवर पोचल्यावर

पायवर आधीपासून असलेल्या सिस्टिमवरूनच थेट बिल्ड करणार असाल, तर आधी ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ बघा. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीत कर्नल ६४ बिटचं असू शकतं. ‘यूनेम -एम’ एआर्च६४ सांगतं, पण जीसीसी ३२ बिट आर्मचा असतो. पुस्तकातलं टार्गेटचं नाव ‘यूनेम’वरूनच बनतं, म्हणजे पहिल्याच ओळीत चूक. ‘जीसीसी -डम्पमशीन’ खरं सांगतं.

‘न्यूली क्रिएटेड फाइल इज ओल्डर दॅन डिस्ट्रिब्युटेड फाइल्स’ किंवा ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असं काही आलं तर पॅकेजला हात लावू नका, ‘डेट’ टाइप करा. पाय ४ वर बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट गेली, परत आली, नेट जोडलेलं नाही, की बोर्ड जुन्या तारखेत जागा होतो आणि मेकचा सगळा हिशोब उलटतो. लाईट गेल्यावर आणखी एक बघा. त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या ‘.ओ’ फायली शून्य बाइटच्या राहून गेलेल्या असतात, आणि मेकला त्या ताज्या वाटतात. ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या फायली शोधून उडवा. मी तर त्या पॅकेजचं अख्खं फोल्डर उडवून टारबॉल पुन्हा उघडतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे इतक्यांदा झालं की शेवटी पायला छोटा यूपीएस लावला.

‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ आलं तर तो कंपायलरचा दोष नाही. रॅम संपली आणि कर्नलने सर्वांत मोठ्या प्रोसेसचा बळी घेतला. ‘डीमेसेज’मध्ये त्याची नोंद सापडेल. जीसीसी बनवताना ‘-जे४’चं ‘-जे२’ करा आणि स्वॅप द्या.

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे एक्झिट कोड १३२, हा एक्झेक फॉरमॅट एररचा धाकटा भाऊ. आर्किटेक्चर तेच, पण प्रोसेसर जुना. पाय ५ च्या कॉर्टेक्स-ए७६ वर ‘-मार्च=नेटिव्ह’ देऊन बनवलेलं कार्ड पाय ४ च्या कॉर्टेक्स-ए७२ मध्ये घातलं की हे होतं. ए७६ ला असलेल्या काही ॲटॉमिक सूचना ए७२ ला माहीतच नाहीत. माझ्या नेटबुकवर हाच एरर जीएमपी या मोठ्या आकड्यांच्या गणिताच्या लायब्ररीने दिला. जीएमपी न सांगताच बनवणाऱ्या प्रोसेसरला साजेशी होते. तिला ‘--होस्ट=नन-लिनक्स-जीएनयू’ द्या, मग ती साधी राहते.

आणि एक दोष असा, ज्यात एररच येत नाही, प्रोग्रॅम नुसता अडकून बसतो. एक्स८६ वर सी भाषेतला ‘कॅर’ ऋण किंमत धरतो, आर्म आणि रिस्क-फाइव्हवर धरत नाही. ‘गेटकॅर’चं उत्तर कोणी ‘इंट’ऐवजी ‘कॅर’मध्ये ठेवलं असेल, तर ईओएफचा (फाइल संपल्याच्या खुणेचा) उणे एक तिथे २५५ होतो आणि लूप कधीच संपत नाही. जुन्या छोट्या प्रोग्रॅमांत हे अजून सापडतं. तेवढ्या पॅकेजला ‘-एफसाइन्ड-कॅर’ देऊन बघा. चाललं, तर रोग कळला. मग ती ओळ दुरुस्त करून मूळ लेखकाला कळवा. लिनक्स कर्नलनेसुद्धा ६.२ मध्ये हा प्रश्न एकदाचा मिटवला आणि सगळ्या आर्किटेक्चरवर ‘कॅर’ बिनऋण केला.

किती मागे जायचं

हा प्रश्न भाच्याने शेवटी विचारला. उत्तर नव्या रूटमध्ये काय शिरलं यावर आहे. एकाच पॅकेजचा एक्झेक फॉरमॅट एरर असेल, तर त्या पॅकेजचं फोल्डर उडवून पुन्हा. ‘मेक क्लीन’वर भरवसा ठेवू नका, जुनी कॉन्फिगरची उत्तरं मागे राहू शकतात. लोडरचा पत्ता किंवा कर्नलची हेडर चुकली असेल, तर हेडरपासून पुन्हा, जीलिबसी आणि त्यापुढचं सगळं. ‘क्रॉस’पुढे ‘नो’ दिसूनही पॅकेजं इन्स्टॉल झाली असतील, तर जीलिबसीनंतरचं सगळं. एक-एक वाचवायला जाऊ नका, मी गेलो होतो.

कुठलं बाटलंय ते शोधायलाही तोच आकडा कामाला येतो. नव्या रूटमधल्या बिन आणि लिबवर ‘फाइंड’ फिरवायचा, प्रत्येक ईएलएफ फाइलला रीडएल्फ लावायचं आणि ज्यांचं मशीन एआर्च६४ नाही त्यांची यादी काढायची. फक्त ‘टूल्स’ फोल्डर त्यातून वगळा. तिथला क्रॉस-कंपायलर लॅपटॉपवरच चालायचा असतो, तो ६२ च हवा.

भाच्याने रात्री साडेबाराला ती यादी काढली. तीन नावं आली, तिन्ही एकाच पॅकेजची. "मामा, याला मी ‘--होस्ट’च्या जागी ‘--टार्गेट’ दिलंय."

ते एक पॅकेज त्याने पुन्हा बनवलं. मग ‘फाइल’साठी आधी लॅपटॉपचा ‘फाइल’ बनवला. सकाळी मेसेज होता: फाइंडयुटिल्सपर्यंत आलोय.